लांब टाका

थेटराच्या पायरीवर बाजरी सांडली. तितनं सगळं सुरू झालं.

आदी चार दाणे पडले. मंग धार लागली. तायव्वाच्या पदराखालनं, डाव्या अंगानं बारीक धार, पायरीच्या दगडावर टपटप. मागं रांगेत एक वकीलीणबाई होत्या. जरीकाठी लुगडं, नाकात नथ. त्या मायेनंच पुढं वाकल्या.

"अहो बाई, तुमच्या ओटीतली बाजरी सांडतेय."

तायव्वानं झटदिशी हात दाबला, तो छातीवर. ओटीवर दाबायला पायजे होता. वकीलीणबाईंची नजर त्या हातामागं गेली. एक बाजू भरलेली, दुसरी सपाट होत चाललेली.

"अगं बाई! हा तर बाप्या आहे!"

दारावरच्या माणसानं इचारपूस केली न्हाय. हात घातला आन् पदर वढला. डोईवरचा, खांद्यावरचा, सगळा. चोळीत दडवलेली यल्लम्माची माळ भाईर आली, लाल-पांढऱ्या मण्यांची. ती बगून बाईंना वळख पटली.

"तू तो जोगत्या ना? मंगळवारी दारात ये, पीठ घालीन. इथं बायकांत कशाला आलास?"

रांग खदाखदा हसली. ह्याच बाया मंगळवारी तायव्वाला कुंकू लावायच्या, आई म्हणायच्या, पाया पडायच्या. पोरगं तापलं की तिच्या हातचा भंडारा मागायच्या. तवा ती बाई होती, नव्हं, देवी होती. आन् आज तिला नाटक बगायचं होतं, तर बाप्या.

आन् मी कुटं होते? मी दाराच्या आत होते. दोन पावलं पुढं. मी पण तायव्वासारखीच, पोरगा म्हणून जन्मलेली, लुगडं नेसून ऱ्हाणारी. पण मी अठराची, अंगानं बारीक, तोंड कवळं. माझ्याकडं कुणी बगितलंच न्हाय.

तायव्वा रडली न्हाय. पदर गोळा करत म्हणली, "दिगंबरपंतास्नी इचारा. जागा त्येंनीच दिलीया आमाला."

दारवाला आत गेला. लगीच भाईर आला.

"पंतसाहेब म्हणतात, मी अशा कुणाला ओळखत नाही. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मंग त्यानं माझ्याकडं बगितलं. तायव्वानं 'आमाला' म्हणलं होतं की. "बाई, हे तुमच्याबरोबर हाय का?"

तायव्वानं पण माझ्याकडं बगितलं.

"न्हाय," मी म्हणले. "मी न्हाय वळखत."

लोक म्हणतात, वेळ आली की माणूस कळतो. मला मी कळले.

आता दिगंबरपंत कोण, ते सांगते. नाटक कंपनीत बाईचं काम करणारा मोठा नट. दरसाल कंपनी सोलापुरात महिना-महिना तळ ठोकायची. पंत ज्या तऱ्हेनं लुगडं नेसायचे, त्या तऱ्हेनं दुसऱ्या दिवशी शहरातल्या थोराघरच्या बाया नेसायच्या. पण त्या साली पंत पस्तिशीच्या पुढं गेले होते. थेटरात इजेचे दिवे आले होते. समईत न्हाय दिसत ते इजेत दिसतं. कितीबी सफेदा थापला तरी पंतांचा जबडा निळा दिसायचा. वरनं बोलपट निघाले होते, तितं खऱ्या बाया काम करायला लागल्या होत्या. पंत घाबरले होते.

त्यांनी तायव्वाला मंगळवारच्या बाजारात बगितलं. पंचेचाळिशीची बाई, पर हनुवटीवर निळ्याचा ठिपका न्हाय. कंपनीचा माणूस आमच्या खोलीवर आला. तायव्वा हसली, म्हणली, "जा बाबा. नाटकवाल्यांस्नी काय शिकवायचं आमी!"

मीच तिच्या मागं लागले. मला ते शालू बगायचे होते, हात लावायचा होता. "चल की गं तायव्वा, चल की." आठ दिवस पिच्छा पुरवला.

शेवटी ती म्हणली, "बरं. पर पैसा नगं मला. एक खेळ बगायचा. बायकांच्यात बसून." पंत लगीच व्हय म्हणले. फुकटात होत असलं तर कोण न्हाय म्हणतंय!

तवा तायव्वानं त्यांना सगळं दिलं. हातचं काय राखलं न्हाय. आरशासमोर पंतांना बसवून ती बोलायची, ते माझ्या कानात अजून हाय.

"वस्तरा लावू नगासा. वस्तऱ्यानं केस मरत न्हाय, चिडतो. चिमटा घ्या. आंघोळ झाली की, कातडी मऊ हाय तवर, बोटं राखंत बुडवून येक-येक उपटा. लई दुकतं. दुकू द्या."

"निळ्यावर पांढरं घातलं की राखुंडी दिसतं. आदी तांबडं. गेरू वस्त्रगाळ करून खोबऱ्याच्या तेलात कालवायचा, पातळ बोट फिरवायचं. निळं मरतं. मंग वरनं सफेदा."

"कापसाची छाती हलकी हुती, चालताना वर चढती. बाजरी भरा. बाजरी बसती, बाईसारकी हालती."

"हात मोठा हाय तर बांगड्या कमी न्हाय घालायच्या, जास्ती घालायच्या. खांदा रुंद हाय तर पदर दोन्ही खांद्यांवरनं घ्या. आन् घाई करू नगासा. बाई कवाच घाईत बसत न्हाय."

पंत हे सगळं वहीत लिवून घ्यायचे. वहीत तिचं नाव न्हाय लिवलं.

बाजरीच्या पिशव्या मी शिवल्या. पंतांच्या रेशमी, कंपनीच्या कापडाच्या. तीन दिवस शिवत बसले. दुहेरी टाका, बारीक, मुंगीच्या पावलांएवढा. पंत म्हणले, "हात चांगला आहे रे तुझा." मी फुलले. खेळाच्या आदल्या दिवशी तायव्वानं आपली जुनी पिशवी माझ्यापुढं टाकली. "फाटलीया. नवी शिवून दे." मी पंतांच्या चोळीला गोंडे लावत होते. तायव्वाची पिशवी कशीतरी शिवली. एकेरी धागा. लांब टाका. म्हणलं, घरचंच माणूस हाय, चालतंय.

खेळाच्या दिवशी दुपारी तायव्वा दोन तास नटली. काळं चंद्रकळेचं लुगडं, बारीक काठ. थोराघरची बाई दिसायला पायजे म्हणून. माळ काढायची न्हाय, देवीची हाय, म्हणून चोळीच्या आत दडवली. मी म्हणलं, "माळ दिसली तर काय हुतंय?" ती म्हणली, "आज जोगतीण म्हणून जायचं न्हाय गं. आज नुसती बाई म्हणून जायचं."

खेळ खास बायकांचा होता. बायकांशिवाय आत कुणी न्हाय. कुणी सोडायचंच न्हाय. रंगमंचावर तेवढे सगळे बाप्ये.

तर मी न्हाय म्हणले, आन् तायव्वा पायऱ्या उतरून गेली. चंद्रकळेचा पदर धुळीत. मी तिच्या मागं गेले न्हाय. आत जाऊन बसले. वकीलीणबाई शेजारी येऊन बसल्या.

"कसली कसली माणसं येतात बाई," म्हणल्या. आपल्या वेणीतला गजरा तोडून अर्धा मला दिला. मी माळला. व्हय, माळला.

पडदा उघडला. पंत आले. हिरवा शालू, पदर दोन्ही खांद्यांवरनं. जबडा लोण्यासारका, निळ्याचं नाव न्हाय. येक-येक पाऊल सावकाश. सगळं थेटर गप झालं. वकीलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"बाईनं कसं असावं, ते ह्यांच्याकडून शिकावं," त्या माझ्या कानात म्हणल्या.

मी मान हालवली. नाटक तीन तास चाललं. पंत पडले, उठले, छाती बडवून रडले. एक दाणा सांडला न्हाय. माझा टाका होता.

घरी गेले तवा तायव्वा उंबऱ्यात बसून पिशवी शिवत होती. पायरीवरची बाजरी तिनं येचून आणली न्हवती. नवी बाजरी सुपात घेतली होती. मान वर न करता म्हणली, "टाका बगितला मी. लांब पडलाय. घाईत होतीस व्हय?"

मी सुपातले खडे येचाय लागले.

मंग तिनं वर बगितलं. "गजरा कुणी दिला?"

"इकत घेतला."

"चांगला हाय," म्हणली आन् परत सुई घातली.

तिनं मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटायचं, आता बोलंल, मंग बोलंल. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, दार लाव म्हणायची. त्या दिवसाचं मातूर काय न्हाय. ज्या बाईनं मला घरात घेतलं, जवा माझ्या बापानं बैलाच्या कासऱ्यानं मारून गावाभाईर काढलं, त्या बाईची वळख मी अर्ध्या गजऱ्यावर इकली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं बोलावणं आलं. गेरू कालवायला चला. मी गेले. लाज सोडून गेले. खोटं कशाला बोलू, त्या आरशाची वढ होतीच.

पंत आरशासमोर बसले. मी उजव्या गालावर गेरू लावला, सफेदा घातला. डाव्या गालाकडं वळले तवा पंत बोलले, "कंपनी मिरजेला चालली आहे. तुला नेतो बरोबर. केस काप, धोतर-सदरा घाल. आतल्या खोलीत काय हवं ते नेस, बाहेर माणसासारखा राहा."

मिरज, सांगली, पुणं. पेट्या भरून शालू. मी व्हय म्हणणारच होते. मला ठाऊक हाय, मी व्हय म्हणणार होते.

तवर पंत हसले. "त्या दिवशी दारात तू शहाणपणानं वागलास. ओळख दाखवली नाहीस. तुझ्यात समज आहे, म्हणून तुला नेतो."

आई गं. कुणी माझ्या तोंडावर थुकलं असतं तर एवढं लागलं नसतं. जे करून मला तीन दिवस भाकरी गिळंना, ते ह्या माणसाला आवडलं होतं. त्याचीच बक्षिशी मला मिळत होती.

माझा हात थांबला. आरशात पंतांचा एक गाल बाईचा, एक निळा.

"पंत," मी म्हणले, "त्या दिवशी दोगं खोटं बोललो. तुमी आतनं, मी दारातनं. हा गेरू तायव्वाचा हाय. तुमचं तोंड तायव्वाचं हाय. माझं पण."

"काय बडबडतोस? तास राहिलाय खेळाला."

"बडबडते," म्हणले. "बडबडतोस न्हाय."

गेरूची डबी मी उचलली, कनवटीला लावली.

"अरे, दुसरा गाल!"

"निळा ऱ्हाऊ द्या."

मी निघाले. भाईर पडताना मागनं शिव्या येत होत्या. लई मोठा पराक्रम केला, असं कुणी समजू नगा. खेळ थांबला न्हाय. पंतांनी जाड सफेदा थापला, लोकांनी टाळ्या दिल्याच. कंपनी मिरजेला गेली. वहीत सगळं लिवलेलं होतंच की.

मी घरी येऊन डबी तायव्वापुढं ठेवली. म्हणले, "तायव्वा, मी वळख न्हाय दिली तुझी. गजरा त्या बाईनं दिला. मी माळला."

"ठावं हाय," ती म्हणली.

"मला मार."

"मारून काय हुतंय?" तिनं डबी उघडून बगितली, झाकण लावलं. "गेरू वाळलाय. तेल घाल."

बास. एवढंच. त्याच्या पुढं चार वर्सं ती जगली. मी तिचं पाणी भरलं, पाय चेपले, शेवटी अंग पुसलं. पण तिची बाजरीची पिशवी तिनं मला परत शिवू दिली न्हाय. डोळ्यांनी दिसंना झालं तरी चाचपत आपली आपण शिवायची. टाके वाकडे पडायचे. मी बगत बसायची. ती गेली तवा तिच्या अंगावर तिच्याच हातची पिशवी होती. मी ती काढली न्हाय, तशीच तिला मातीत दिली.

माफी मला मिळाली न्हाय. मी मागत पण न्हाय आता.

आता माझ्याकडं पोरी येतात. गावाकडनं हाकललेल्या, अक्कलकोटाकडनं, माळशिरसाकडनं. रातोरात बाई व्हायचंय त्यांना. "अव्वा, गेरू कसा लावायचा? अव्वा, पदर कसा घ्यायचा?" मी त्यांना चिमटा देत न्हाय, गेरू देत न्हाय. आदी माझ्याबरोबर बाजारात चालवते. माझी माळ चोळीवर असती, लोक टाळ्या पिटतात, पोरं खडं मारतात. तितं थांबून मी मोठ्यानं इचारते, "ही कोण हाय तुझी?" पोरीनं मोठ्यानं सांगायचं. जी मान खाली घालती, तिला परत नेते. परत इचारते. मंगळवारी त्या वकीलीणबाईंच्या दारात मी जात न्हाय. पीठ त्यांचं त्यांना लखलाभ.

आन् दरसाल कंपनी येती. बायकांचा खेळ लागला की मी जाते. चंद्रकळा नेसते, माळ चोळीवर, गेरू न्हाय, सफेदा न्हाय. हनुवटी हाय तशी. मागं पोरी. दारवाला इचारतो, "कोण तुमी?"

"तायव्वाची," मी सांगते.

हाकलतात. गेल्या साली धक्का दिला, गुडघा फुटला. मागं वळून बगितलं, तर दारवाला माझ्या थोरल्या पोरीला इचारत होता, "हे तुझ्याबरोबर हाय का?"

"व्हय," ती म्हणली. तिचा पण पदर वढला.

औंदा परत जाणार हाय. पोरींच्या पिशव्या मीच शिवते, दुहेरी टाका घालून. पर आत सोडलं न्हाय तर पायरीवर बसून माझी पिशवी मीच उसवणार हाय. सगळी बाजरी तितंच वतणार. मंग त्या बायांनी ती तुडवत आत जावं.