पंख्याला मच्छरदाणी

कुठलाही कॉम्प्युटर उघडण्याआधी शेठ त्याच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, थोडं थांबायचे आणि आतल्या जीवजंतूंना सांगायचे, "सरका बाप्पा, सरका." मग स्क्रू काढायचे. आतून कधी पाल निघायची, कधी मुंग्यांची रांग. ती मऊ ब्रशानं कागदावर घेऊन बाहेरच्या कडुलिंबाखाली सोडून येईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत उभं.

कारंजा गावातलं त्यांचं छोटं दुकान तुमच्यापैकी कोणी पाहिलंही असेल. आता ते नाहीत, आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, पण शेठपणाचं त्यांच्याकडे काही नव्हतं. सगळा बाजार चोरीचं विंडोज टाकून द्यायचा. हे जैन गृहस्थ फुकट मिळणारं लिनक्स टाकायचे. चोरीचं नाही, यापलीकडे त्यांना कारण लागत नसे. गिऱ्हाइकं चिडून शेजारच्या दुकानात जायची आणि हे ब्रश झटकत बसायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तो अडचणीत सापडून. पुण्याच्या एका कंपनीत नकाशे दुरुस्त करायचं माझं काम, तेही लिनक्सवर. बाबांना लकवा मारला आणि मी कारंज्याजवळच्या कामरगावला, घरी परत आलो. घरून जमतं का ते महिनाभर बघू, नाही तर पुण्याला या, असं साहेबांनी सांगितलं होतं. घरात आम्ही दोघंच. बाबांची वाचा गेलेली. काही हवं असलं की ते उजवा हात उचलायचे. त्यांच्याजवळ बसून मी दिवसभर फोनवर बोललो की त्यांना झोप लागेना, म्हणून मी वरच्या खोलीत. कामाला दोन स्क्रीन लागायचे. तिसऱ्यावर मला बाबांच्या खाटेसमोरचा कॅमेरा हवा होता. मोबाइलवर करून पाहिलं, पण ऑफिसचा फोन आला की चित्र जायचं. एकदा खाली आलो तर बाबांचा हात उचलूनच होता. किती वेळ, कोण जाणे.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. गेम खेळता का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर, मग महागाचं कायले घेता, म्हणत त्यांनी स्क्रीन जोडायचं एक बिनपंख्याचं ग्राफिक्स कार्ड काढलं. पंख्याच्या पात्यात चिलटं सापडतात, म्हणून ते होता होईल तो पंख्याचं कार्ड विकतच नसत. कॉम्प्युटरमध्ये बाकीचे पंखे असतातच की, असं मी त्यांना चिडवलं.

"ते कंपनीनं लावले," ते गंभीरपणे म्हणाले. "हे कार्ड मी लावून राह्यलो."

कार्डाला तारा जोडायला तीन जागा होत्या. घरी जोडलं तर स्क्रीन दोनच लागले, तिसरा काळा. मी शेठना फोन करून आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी शेठ पिशवी घेऊन एसटीनं दारात हजर. टकटक झाली, मुंग्या गॅलरीत पोहोचल्या, आणि बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला: जागा तीन असल्या तरी ते जुनं कार्ड एका वेळी दोनच स्क्रीन चालवायचं. शेठचा चेहरा उतरला. पंखा नाही एवढं पाहिलं, बाकी पाहिलंच नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

तेवढ्यात चालू असलेल्या एका स्क्रीनवर बाबांचा हात वर गेला. मी जिन्यावरून धावलो, पाणी पाजलं, कूस बदलून दिली. वर आलो तर शेठ त्या चित्रासमोर तसेच उभे होते.

"पंख्याचं आणतो," ते हळूच म्हणाले. "त्याच्यावर तिन्ही चालतात, लिनक्सले वेगळं काई टाका लागत नाई. पाप लागन तं लागन मले."

आणलं खरं, पण कार्डाच्या पंख्यावर मच्छरदाणीच्या कापडाची टोपी, कडेनं इलॅस्टिक. ती शेठाणींनी शिवली होती. तिन्ही स्क्रीन लागले. महिन्यानं साहेबांनी मला घरूनच काम करायची परवानगी दिली, आणि त्या दिवशी मी बाबांचा हात धरून लहान पोरासारखा रडलो.

टोपीत धूळ साचली की कार्ड तापायचं, म्हणून शेठ अधूनमधून ब्रश घेऊन यायचे. वर थोडा वेळ, खाली बाबांच्या खाटेशी बराच वेळ. बाजारातल्या सगळ्या गमती सांगायचे. बाबांना हसता यायचं नाही, पण शेठ उठायला लागले की त्यांचा हात वर जायचा. मग शेठ पुन्हा बसायचे.

बाबा गेले तेव्हा शेठ आले. सरळ वर, माझ्या खोलीत. मी तिसरा स्क्रीन बंद केलेला नव्हता. त्यावर खाट, गुंडाळून ठेवलेली गादी. मला लाज वाटली, मी तार काढायला हात पुढे केला.

शेठनी माझा हात धरला. "राहू द्या. घाई कायची हाय?"

खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले. दिवस कलत होता. अंधार पडल्यावर शेठ अन्नाला शिवत नसत, उजेडात कारंजा गाठून जेवायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. खाली चौकात कारंज्याची जीप हॉर्न वाजवत थांबली. मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी नुसती मान हलवली, उठले नाहीत. जीप निघून गेली, खोलीत अंधार झाला, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या खाटेकडे बघत बसून राहिलो.