जिंकूनबी बॉल मीच लावायचे

"ए डोंगऱ्या, लाव."

पप्पूशेठनं लाकडी त्रिकोण टेबलावर भिरकावला. माझ्या बोटांवर बसला. डाव मी जिंकला व्हता. शेवटचा काळा बॉल मीच घातला व्हता. तरी लाव. लावला.

पूलच्या खेळाचा साधा नियम हाय. हरंल त्यानं बॉल गोळा करायचे, त्रिकोणात बसवायचे, पुढचा डाव मांडून द्यायचा. नारायणगावच्या त्या पूल पार्लरात सगळेच पाळायचे. माझ्या बाबतीत न्हाई. हरलो तरी मीच लावायचे, जिंकलो तरी मीच. टेबलाचं अर्धं भाडं माझं असायचं, ते मातुर चालायचं त्यांना.

मी भीमाशंकरकडचा. घरी भाताची खाचरं, त्यात भागत न्हाई. म्हणून खाली उतरलो, टमाट्याच्या बाजारात क्रेट उचलायला लागलो. पप्पूशेठ वारूळवाडीचा बागायतदार. त्याच्याच गाड्या भरायचो, म्हणून गप बसायचो. बाजार उरकला की खांदे ठणकायचे, तरी पाय पार्लरकडंच वळायचे. खेळायला लई आवडायचं, बास.

सोपा बॉल टेबलाच्या खिशात जायचा. अवघड आला की चुकायचा. कडेला चिकटलेला, नुसता चाटून घालायचा असला की चुकलाच म्हणून समजा. एकदा पार्लरवाला म्हणाला, "अरे राव, शॉट पुरा व्हायच्या आत वर बघतोस तू. कुणाकडं बघतोस?"

कुणाकडं? पप्पूशेठच्या तोंडाकडं. हसतोय का, चिडलाय का. शॉट माझा आन् ध्यान त्याच्या तोंडावर! कळलं तवा लई लाज वाटली. राग आला, त्याचा न्हाई, माझा.

मग तेवढंच शिकत बसलो. एकटाच. मारायचं, आन् बॉल पडल्याचा आवाज येईस्तवर टेबलावरनं नजर काढायची न्हाई. सुरवातीला मान आपसूक उठायची. सवय लई जुनी व्हती, माझ्या बापाच्याबी आधीची.

एक दिवस पप्पूशेठशी डाव पडला. काळा बॉल कडेला चिकटलेला, खिसा पार लांब. त्याच्यासंगची पोरं फिदीफिदी हसत व्हती. मी बॉलच बघितला. चाटून मारला. आवाज आला.

"लाव," पप्पूशेठ म्हणाला.

"तुमी हरलाय शेठ. तुमी लावा."

"काय म्हनला?"

"तुमी लावा."

मी हात पँटीच्या खिशात घातले. त्यानं स्टिक आपटली आन् गेला.

सकाळी मुकादम म्हणाला, "शेठच्या गाडीला हात लावू नको. पाया पड त्याच्या, मिटव एकदाचं."

न्हाई पडलो. आता मिळंल त्याची गाडी भरतो, कधी रिकामाच बसतो. दमलोय राव. भांडायचीबी ताकद राहिली न्हाई अंगात. पण पार्लरात जातो. त्याच टेबलावर खेळतो. हरलो तर मुकाट बॉल लावतो. जिंकलो तर हात लावत न्हाई. समोर कुणी का असंना.