एका शूटिंगपुरता भावी सरपंच

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता आणि बोल मला लागला.

तर मंडळी, तुमच्यासमोर बसलेला हा दत्ता शूटिंगवाला एक अख्खा दिवस गावचा भावी सरपंच होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? नाही ना? गाव सांगायचं थांबलं असेल तर मीच सांगतो. आणि हे झालं कशापायी? तर शाळेतल्या पोरांना पिक्चर काढायला शिकवण्यापायी!

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. दुकान तलवाड्यात आणि घर तिथून जवळच्या आमच्या लहानशा गावात. पंचक्रोशीत असा नवरदेव नसेल, ज्याला मी 'हनुवटी जरा वर' म्हणालो नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मॅडम दुकानात आल्या. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, पोरं दिवसभर मोबाईलवर दुसऱ्याचं बघत बसतात. त्यांना स्वतःचा पिक्चर काढायला शिकवा ना."

मी म्हटलं, त्यात काय अवघड? वरात काढतो, पिक्चर काढायला काय जातंय!

पहिल्याच दिवशी पोरांनी मला 'सर' म्हटलं. मला! जन्मभर 'ओ शूटिंगवाले, बाजूला सरका, वरमाई दिसंना' एवढंच ऐकलेला माणूस मी. त्या एका शब्दावर मी टम्म फुगलो. पण पुढच्याच क्षणी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली.

"सर, पिक्चरमधला माणूस दारातून भायेर पडतो आन् लगेच मुंबईत कसा पोचतो?"

"सर, मेलेल्या माणसाचं पोट हालत कावून न्हाई?"

"सर, दोन माणसं बोलत असतेत, तवा शूटिंगवाला कुठं लपलेला असतो?"

मला एकाचंही उत्तर येईना. मग मी घरी मोबाईलवर शोधायचो आणि दुसऱ्या दिवशी जन्मजात माहीत असल्यासारखा शिकवायचो. खरं सांगू? पोरांपेक्षा मलाच जास्त गोडी लागली. इतकी वर्षं कॅमेरा खांद्यावर वागवला, पण एखादी गोष्ट दाखवायची ती का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नवरीची आत्या आली की आत्या दाखवायची, संपलं.

मी त्यांना दोन नियम मात्र ठासून सांगितले. एक, कालच्या शॉटमध्ये जे जिथं होतं, ते आजही तिथंच पाहिजे. आणि दोन, मोबाईलचा कॅमेरा सारखा चालू ठेवायचा, कारण खरी गोष्ट सांगून घडत नाही. पोरांनी दोन्ही नियम प्रसादासारखे घेतले.

पिक्चरची गोष्ट रुक्मीची. रुक्मी सातवीत, बिरूमामा धनगराची लेक, आणि अंगात सात दिग्दर्शकांचा कडकपणा. गोष्ट अशी की, पुढाऱ्यांच्या थापांना कंटाळून गाव एका मेंढ्यालाच निवडणुकीला उभं करतं आणि मेंढा पुढाऱ्याला पाडतो. मेंढा घरचाच होता, बिरूमामांचा सुलतान. शिंगं अशी की बघणारा आपोआप दोन पावलं मागं सरकायचा.

अडचण एकच होती. दिवाळी सरली की बिरूमामा मेंढरं घेऊन गाव सोडतात, ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. सोबत सगळं बिऱ्हाड, म्हणजे रुक्मीही गेली आणि सुलतानही. मेंढरं हलायच्या आत पिक्चर पुरा झाला नाही, तर तो पुरा होणारच नव्हता. रुक्मी मला रोज विचारायची, "व्हईल ना सर?" मी म्हणायचो, "होणारच!"

आता पडणारा पुढारी कोण होणार? मेंढ्याकडून हरायला गावात कुणी तयार होईना. शेवटी मी म्हटलं, कलेसाठी मी हरतो. रुक्मीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"पण सर, बॅनर न्हाई तर पुढारी कसला?"

मुद्दा बिनतोड होता. तुम्हीच सांगा, आपल्या बीड जिल्ह्यात बॅनरशिवाय कुणी पुढारी झालेला बघितलाय का? आपल्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी चौकात बॅनर लागतो.

मग मी बसलो कॉम्प्युटरवर. मधोमध माझा फोटो, गॉगलवाला, हात जोडलेला. वर ठळक अक्षरात 'गावचा ढाण्या वाघ, भावी सरपंच मा. दत्ताभाऊ'. झकास जमलं होतं. पण खालची जागा मोकळी दिसायला लागली. बॅनरच्या खाली गोल गोल चौकटीत शुभेच्छुकांची तोंडं नसतील, तर वाघाला कुत्रंसुद्धा विचारत नाही. जितकी तोंडं, तितकी ताकद!

आणि इथंच माती खाल्ली. गावातल्या झाडून सगळ्या लग्नांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये. फेटे बांधलेले, दाढी केलेले, हसरे चेहरे. घेतली एकेक मुंडकी कापून आणि लावली ओळीनं. ज्याचा फोटो स्वच्छ तो आत, ज्याचा अंधारात तो बाहेर, एवढाच निकष. कोण कुणाच्या गटाचा, हे बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पहिल्या ओळीत पहिला फोटो लावला भास्करचा. काय उजेड पडला होता त्याच्या तोंडावर!

भास्कर म्हणजे सध्याचे सरपंच अण्णा, त्यांचा सख्खा मेव्हणा.

गेवराईतून बॅनर छापून आणला, पारासमोर बांधला आणि शूटिंग केलं. अर्ध्यात ऊन गेलं. मी बॅनर सोडायला शिडीवर चढलो, तर खालून रुक्मी ओरडली, "सर, हात लावू नका! उरलेला सीन उद्या हाय. कालचं आज तिथंच पायजे, तुमीच म्हणलात ना?"

आता स्वतःच शिकवलेलं कसं खोडणार? उतरलो खाली.

सकाळी बायको हलवून उठवतेय. "अहो, उठा! दारात माणसं आलीत, आणि सगळी तुमच्याच नावानं हाका मारतायत."

बाहेर आलो, तर ओट्यावर किसनबापू. "दत्ता, फोटो टाकलास, बरं केलंस. पर आमी दुसऱ्या ओळीत कावून?"

मी काही बोलणार, तोवर पलीकडून रामकाका भडकले. "तुजी दुसरी ओळ तरी हाय बापू! माजा फोटोच न्हाई! काय रं दत्ता, माज्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसलतास, तवा दिसलो व्हय मी तुला?"

"काका, तुमच्या फोटोवर उजेड कमी होता हो."

"पुढाऱ्यानं उजेड बघायचा असतो का माणूस?"

बघा, चूक बॅनरची नव्हती. चूक इथून पुढची. त्याच वेळी मी म्हणायला पाहिजे होतं की बाबांनो, हा पोरांच्या पिक्चरचा बॅनर आहे. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तेवढ्यात कोणीतरी पायरीवरून म्हणालं, "भाऊ, आमी हाय तुमच्या मागं." आणि माझ्या मनात एक किडा वळवळला. मी गप्प बसलो तर ही माणसं पुढं काय बोलतील? किती जण येतील? कोण काय मागेल? निव्वळ कुतूहल हो! चहा होईपर्यंत बघू म्हटलं.

"बघू," मी म्हणालो. "शेवटी जनतेची इच्छा."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं, देव जाणे. आवाजसुद्धा दुसऱ्याचाच होता, जरा खोल, घशातला.

मग माणसं येतच गेली. स्वतः भास्कर आला. बशीतल्या चहावर फुंकर मारली. मग म्हणाला, "दाजींनी मला आजवर काई दिलं न्हाई. तू न विचारता पयला फोटो टाकलास. आता उपसरपंच मला कर."

"भास्कर, उपसरपंच तूच!" मी म्हटलं. माझ्या बापाचं काय जात होतं?

तो गेला, तर किसनबापू बाजूला घेऊन म्हणाले, "उपसरपंचाचं काय ठरलं?" मी म्हटलं, "बापू, तुमच्याशिवाय आहे कोण?" रामकाकांचा राग उतरवायला त्यांनाही तेच पद दिलं. पद द्यायला इतकं सोपं असतं, हे मला माहीतच नव्हतं! कोपऱ्यात पप्या, म्हणजे आमचा सातवीतला कॅमेरामन, मोबाईल घेऊन बसला होता. मला वाटलं, गेम खेळतोय.

"साखर संपली, भावी सरपंच," बायको आतून म्हणाली.

दुपारी बिरूमामा आले. मागं रुक्मी, तिच्या हातात सुलतानची दोरी. मामा ओट्यावर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले.

"सर, आमी उद्याच मेंढरं हलवतो."

"अहो मामा, मग पिक्चरचं काय?"

"कसला पिक्चर? अण्णाच्या रानात दरसाल मेंढरं बसवतो आमी, खतासाठी. त्येच्यावर आमचं धान्य सुटतं. अण्णा रागानं सकाळधरनं जेवले न्हाईत म्हणं. तुमच्या राजकारणात आमचा सुलतान नको, आन् ही पोरगी बी नको."

आणि रुक्मी! दिवसभर सगळ्यांवर ओरडणारी पोरगी, खाली मान घालून दोरीशी चाळा करत उभी. मला लाज वाटली हो. मी माझी गंमत बघत बसलो होतो आणि इकडं या लेकराचा पिक्चर हातचा चालला होता.

चप्पल न घालताच पाराकडं पळालो. मागून रुक्मीही आली. बॅनरखाली अण्णा उभे, भोवती माणसं.

"काय बे दत्त्या, वाघ झालास व्हय?"

"अण्णा, आईशपथ, हा पोरांच्या पिक्चरचा बॅनर आहे!"

"आन् माझा मेव्हणा काय त्येच्यात हिरो हाय?"

"मला निवडणुकीला उभंच राहायचं नाही!"

"मी बी पयल्या बारीला असंच म्हणत हुतो," अण्णा म्हणाले. मागून कोणीतरी बोललं, "पक्का पुढारी झाला बे ह्यो!"

काय गंमत बघा. बॅनरवरच्या खोट्यावर गावानं एका रात्रीत विश्वास ठेवला आणि तोंडानं खरं सांगतोय तर एक माणूस मानायला तयार नाही. जितकं नाही म्हणावं, तितका मी जास्तच उमेदवार व्हायला लागलो.

शेवटी रुक्मीच पुढं झाली. "अण्णा, पिक्चर हाय का न्हाई ते बघूनच ठरवा की! जेवढं काढलंय, तेवढं दावतो आमी."

मॅडमनी शाळेतला मोठा टीव्ही पारावर आणवला. बातमी फिरली आणि बघता बघता सगळं गाव लोटलं. ग्रामसभेला चार टाळकी जमत नाहीत, पण माझी फजिती बघायला म्हाताऱ्यासुद्धा काठी टेकत आल्या.

पप्यानं मोबाईल जोडला. टीव्हीवर सुलतान आला, गळ्यात झेंडूचा हार. पोरांच्या घोषणा झाल्या. मग मी आलो, गॉगल लावून, मेंढ्यासमोर हात जोडून अर्ज मागं घ्यायची विनवणी करत. सुलताननं माझा गमछा खायला सुरुवात केली.

अण्णांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. "आरं, ह्यो मेंढ्याच्या विरोधात उभा हाय व्हय!" म्हणत ते जे हसायला लागले, ते थांबेनात. गाव हसलं. बिरूमामाही हसले. माझ्या जिवात जीव आला.

"बघा! सांगत होतो की नाही?" मी छाती काढून म्हणालो. "पप्या, बंद कर आता."

"सर, अजून हाय की," पप्या म्हणाला.

टीव्हीवर आमचा ओटा आला. सकाळचा. खांद्यावर टॉवेल टाकलेला मी, खोल आवाजात म्हणतोय, "भास्कर, उपसरपंच तूच!" लगेच पुढचा शॉट. "बापू, तुमच्याशिवाय आहे कोण?" लगेच पुढचा. "काका, उपसरपंचपद तुमचंच!" आवाज इतका स्वच्छ, की लग्नाचं शूटिंग असतं तर नवरीच्या बापाकडून मी बक्षीस घेतलं असतं.

भास्करनं बापूंकडं बघितलं, बापूंनी काकांकडं, आणि मग तिघांनी मिळून माझ्याकडं. भास्कर उठला आणि दाजींच्या मागं जाऊन उभा राहिला.

"काय बे," किसनबापू म्हणाले, "तिघांला एका खुर्चीत बसवणार हुतास व्हय?"

असा हशा उसळला, की मला वाटलं पार फाटावा आणि मी आत जावं. पण रुक्मीचं डोकं बघा. ती टुणकन पारावर चढली.

"कुणी जागचं हालू नका! आमचा शेवटचा सीन ऱ्हायलाय, मतदानाचा. इतके दिस माणसं गोळा करतोय, कुणी येत नव्हतं. आज सगळे आलेत. पप्या, कॅमेरा!"

आणि बिरूमामा, तेच बिरूमामा, सुलतानला स्वतः ओढत पारावर घेऊन आले. "घे बाय, कर पुरा तुजा पिक्चर. मेंढरं परवा हलवू."

"सुलतानला कोण?" रुक्मी ओरडली.

सगळ्या गावाचे हात वर. मॅडमचा, बापूंचा, काकांचा, भास्करचा. आमची सौभाग्यवती तर टाचा उंचावून हात वर करत होती, न जाणो कॅमेऱ्यात आली नाही तर!

"आन् दत्ताभाऊला कोण?"

सगळे हात खाली. पप्यानं कॅमेरा हळूहळू गर्दीवरून फिरवला. मी मान खाली घातलेली. तेवढ्यात पोरं टाळ्या पिटायला लागली. वर बघतो तर गर्दीत एक हात वर होता. एकच. सरपंच अण्णांचा!

मला भरूनच आलं. एवढं सगळं होऊनसुद्धा या माणसानं मला एकटं पडू दिलं नाही. "अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बाजूनं?"

"मंग!" अण्णा हात तसाच वर धरून म्हणाले. "दर निवडणुकीला मला विरोधक ह्योच पायजे!"