रामरावांचं खोरं

रामराव भोयर कधी स्वस्थ बसले नाहीत. तरुणपणी वर्ध्याकडून जबलपूरला आले, संरक्षण कारखान्यात लागले, आणि निवृत्तीनंतर तिथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरामागचं अंगण उकरत राहिले. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. आयुष्यभर कारखान्यात बोललेली हिंदी पुसून गेली, मराठीही थोडकीच उरली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते एकच शब्द बोलू लागले. "खोरं."

सून वैभवीनं चहा दिला तरी खोरं, कूस बदलून दिली तरी खोरं. रागानं डाव्या हातानं चादर ओढून टाकायचे.

मुलगा यशोधन हिंदी शाळेत शिकलेला. त्यानं मोबाईलवर अर्थ शोधला. "नदीचं खोरं असतं. बाबा नर्मदेवर जायचं म्हणून राहिले."

ऑटोत बसवून त्यानं त्यांना ग्वारीघाटला नेलं. रामरावांनी पाण्याकडे पाहिलंही नाही. सगळा वेळ मूठ गुडघ्यावर आपटत राहिले.

मग यशोधनला काका आठवले. आनंदकाकांचा नागपुरात जम बसला तेव्हा बाबा कौतुकानं म्हणायचे, "आनंद खोऱ्यानं पैसा ओढून राहिला." भावाची आठवण येत असेल म्हणून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. काका रडले. रामरावांनी फोन सारून दिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, काहून असं करता? क्या चाहिए, बताओ तो."

रामरावांनी डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी वैभवी पलंगावर त्यांच्या उशाशी बसली आणि ते पाहत होते तिकडे पाहू लागली. मागच्या अंगणात मोरीचं पाणी लिंबाच्या बुंध्याशी तुंबलं होतं. अर्धं झाड पिवळं पडलं होतं. दर काही दिवसांनी पाट मोकळा करणारा माणूस इथे पडून होता.

"बाबा, फावडं पाहिजे का?"

चादर ओढणारा रामरावांचा हात थांबला. "खोरं," ते हळूच म्हणाले.

"आमच्या यवतमाळात फावडंच म्हणतात," वैभवी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

दोघांनी त्यांना खुर्चीसकट अंगणात नेलं. एका हातानं फावडं उचलेना. वैभवीनं दांड्यावर त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. चिखल सरकला, पाणी वाट काढून निघालं. यशोधन म्हणाला, "बस, बाबा, हो गया." पण ते ऐकेनात. घाम येईपर्यंत ओढत राहिले. आत आणलं तेव्हा पाय चिखलानं भरले होते, आणि ते लगेच झोपले.

दोघांना वाटलं, आता शांत होतील.

सकाळी चहाच्या आधीच रामराव दाराकडे बोट दाखवत होते.

"आळं."

यशोधननं बायकोकडे पाहिलं.

"पाणी धरायला झाडाभोवती करतात ते," ती म्हणाली.

त्यानं ऑफिसचे बूट काढले आणि चप्पल घातली.