डाव्या गालातलं हाड

दवाखान्यात मला फळीवर झोपवलं आन् तोंडावर गरम, मऊ जाळी वडली. ती गार झाली की कडक हुतीय, तोंडाचा साचाच. जबड्यात गाठ हाय, तर रोज त्यो साचा घालूनच किरणं घ्यायची. लगीच सिटी स्कॅन केला.

"काका, हलू नका, गिळू नका," तिथली मशीनवाली ताई म्हणली.

गिळायचा सवालच न्हवता. डाव्या गालात तंबाखूचा बार हुता. बायकोला शपथ घालून सांगितलं हुतं, सोडली म्हणून. सोडली बी हुती, दोन जेवणांच्या मदी.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला आन् बायकोला बोलावलं. पडद्यावर माझं मुंडकं, आतनं.

"मशीन प्रत्येक ठिपक्याला आकडा देतं," ती म्हणली. "पाण्याला शून्य, हवेला लई खाली, हाडाला लई वर. त्यावरून ठरतं, किरणं कुठं किती अडतील."

"मग माझ्या डोस्क्यात बघा की, सगळी हवाच असंल."

"ते मला मशीनीबिगर ठावं हाय," बायको म्हणली.

ताई हसली, पण बोट पडद्यावरच. "काका, इथं गालात हाडासारखा आकडा येतोय. इथं हाड नसतं. काय होतं तोंडात?"

मी छताकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं.

"आ करा."

मंद्रूपच्या बाजारात बैलाचं दात बघत्यात, तसा मी उभा. आजचा ताजा बार तिनं बोटानं भाईर काढला.

"चुना!" ताई म्हणली. "चुनाच चमकतोय. हे हाड धरून हिशोब केला असता, तर त्यामागच्या गाठीला किरणं चुकीची बसली असती. तंबाखू नसताना साचा पण गालाशी ढिला झाला असता. गाठ राहिली असती, काका."

 

चूळ भरून परत साचा, परत स्कॅन. थोड्या येळानं ताई आली. "आता गाल गालासारखा दिसतोय."

बायकोनं इचारलं, "गाठ कुटली?" ताईनं दावली. बायको जवळ जाऊन बघत ऱ्हायली. "येवढीशीच हाय की," म्हणली, आन् पदरानं नाक पुसलं.

भाईर आल्यावर मी खिशातली पुडी गुमान तिच्या हातात दिली. तिनं दुसरा हात म्होरं केला.

"पायमोज्यातली बी द्या."

दिली.