पायाने वाजवलेली चाल

माझा चुलतभाऊ माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. तो मुंबईतल्या एका रॉक बँडचा ड्रमर झाला. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले, पोलिसांत त्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या. आमच्या तालुक्यात त्याच्याइतका गाजलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. मला ते आवडले नाही. आजही आवडत नाही.

आमचे गाव मोखाड्याहून पोशेऱ्याकडे जाताना लागते. बोहाड्यात, म्हणजे देवादानवांचे मुखवटे लावून सोंगे नाचवण्याच्या आमच्या उत्सवात, संबळाचा मान आमच्या घराचा. वडिलांनंतर तो माझ्याकडे आला. मी कचेरीत कारकून होतो; या दिवसांसाठी वर्षभर रजा राखून ठेवी आणि रोज सकाळी तासभर सराव करी. चुलतभाऊ सराव करीत नसे. तो शेतावरून येई, हात धुई आणि माझ्या शेजारी उभा राहून दुसरा संबळ वाजवी. चुकत नसे. लोक माझ्या वाजवण्यावर मान डोलावीत आणि बघत मात्र त्याच्याकडे.

शेवटच्या दिवशी सकाळी देवीचे सोंग निघते आणि दुपारपर्यंत घरोघर फिरते. मुखवटा जड असतो. प्रत्येक दारात ओवाळणे होईपर्यंत नाचणाऱ्याला जागच्या जागी डुलत राहावे लागते. जुने लोक तेव्हा साधा ठेका धरीत. एका वर्षी नाचणारा उतारवयाचा होता, त्याला धाप लागली होती. मी ठेका बदलला. चौथ्या ठोक्याची जागा मोकळी सोडली. तेवढ्यात त्याला श्वास घेता आला. पुढच्या काही वर्षांत ती चाल मी पक्की केली. ती माझी आहे असे कोणाला सांगितले नाही. लोकांना ती पूर्वापार वाटली, आणि मला त्यातच समाधान होते. आयुष्यात मी नवे असे तेवढेच केले.

चुलतभावाच्या मात्र ते लक्षात आले होते. तो एकदा म्हणाला, "दादा, तू काठी उचलून धरतोस ना, ती जागा लई भारी हाय."

नव्वदच्या सुमारास तो मजुरीसाठी ठाण्याला गेला आणि वाद्ये भाड्याने देणाऱ्या एका दुकानात हमाल झाला. ड्रमसेट नेऊन जोडला की नीट लागला का, हे पाहण्यासाठी तो वाजवून दाखवावा लागे. एका कॉलेजात त्याने असा वाजवला, तेव्हा तिथल्या पोरांनी त्याला ठेवूनच घेतले. दोन वर्षांत त्यांची कॅसेट निघाली. मग बातम्या येऊ लागल्या. त्याने भर गाण्यात आपल्याच गायकाला काठी फेकून मारली. दुसऱ्या एका कार्यक्रमात ड्रम लाथेने मंचाखाली ढकलले. कारण विचारल्यावर म्हणाला, गाणारा ठेका सोडतो. मोखाड्याच्या स्टँडवर वर्तमानपत्र दुपारी येई. त्याच्या कौतुकाची बातमी मी एकदा वाचीत असे, भांडणाची दोनदा.

दुसरी कॅसेट जीपवाल्यांनी आणली. कचेरीतून परतताना मी ती ऐकली. तिच्यात माझी चाल होती. त्याने तिला वेग दिला होता, आणि मोकळी जागा माझ्यापेक्षा जास्त ताणली होती. पुढचा ठोका येतो की नाही, अशी धास्ती वाटेपर्यंत. तसे करता येते, हे मला सुचले नव्हते.

त्या वर्षी तो बोहाड्याला येणार होता. देवीपुढे पहिला संबळ त्याने वाजवावा, असे पंचांच्या मनात होते. मला कोणी विचारले नव्हते.

तेवढ्यात टीव्हीवर त्याचा कार्यक्रम झाला. हॉटेलात गाव जमले होते. पडद्यावर त्याचा पाय मोठा करून दाखवला. खाली ठेवलेला मोठा ड्रम तो पायाने वाजवीत होता, आणि चाल तीच होती. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. याने देवीची चाल पायाने वाजवली, असा बोभाटा झाला.

तो आला, तेव्हा पंचांनी देवळापुढे बैठक बोलावली. त्याचे केस खांद्यापर्यंत होते. तो सगळ्यांसारखा जमिनीवर बसला. हाताने भागत नाही म्हणून पाय लावतोस, उद्या डोके आपटशील, असे एकजण म्हणाला. लोक हसले, तोही हसला. मग त्याने शांतपणे सांगितले की ते वाद्य पायाने वाजवण्यासाठीच बनवलेले असते.

"अन् चाल देवीची नाही, काका," तो म्हाताऱ्या पंचाला म्हणाला. "चाल दादाची हाय. बँडमधल्या पोरांनापण मी हेच सांगतो. विचारा त्याला."

सगळे माझ्याकडे वळले. मी होय म्हटले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. चाल माझी ठरली असती, आणि शेवटच्या सकाळी ती माझ्यापेक्षा चांगली कोण वाजवतो, हे प्रत्येक दारात ऐकू आले असते.

"देवीची आहे," मी म्हणालो. "वडील वाजवायचे."

तो उठून उभा राहिला. गायकाला काठी फेकून मारणारा हा माणूस वाद घालील, अशी माझी अपेक्षा होती. "बरं, दादा," एवढेच म्हणून तो जीपकडे गेला. देवीपुढे पहिला संबळ मी वाजवला.

पुढे त्याचा बँड फुटला. दुसऱ्यातून त्याला काढले, तिसरा त्याने सोडला. भांडणे थांबली नाहीत. पण ती चाल त्याने पुन्हा वाजवली नाही. एका मुलाखतीत त्याला कारण विचारले. "आमच्या दादानं सांगितलंय, ती देवीची हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज कडवट नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

काही वर्षांनी पंच माझ्याकडे आले. म्हातारा पंच वारला होता. चुलतभाऊ हाताने, संबळावरच वाजवायला तयार आहे, बोलवायचे का, असे त्यांनी विचारले. मान माझा, म्हणून शब्दही माझा. माझे हात चालतात तोवर गरज नाही, मी म्हणालो.

आता उजवा खांदा वर जात नाही. देवीपुढे दुसऱ्या घरातला माणूस उभा राहतो आणि साधा ठेका धरतो. पंच अजून अधूनमधून विचारतात. त्याला बोलवा, असे मी अजून म्हटलेले नाही.