आधी दादाला पास

माझा नवरा बास्केटबॉल खेळतो. पगार घेऊन खेळतो असं सांगितलं की आमच्या प्रताप नगरातल्या बायका विचारतात, "ते झालं, पण काम काय करतात?" हेच काम करतो बावा! एका खासगी लीगमधल्या नागपूरच्या टीमचा तो कॅप्टन. छताचा पंखा स्टुलाशिवाय पुसतो आणि चाळिशीला टेकलाय.

त्या सीझनला टीम नुसती हरत सुटली होती. इतक्या नेमानं हरायचं म्हणजेही गंमत नाही! टीमच्या मालकाचा नागपूरला लागूनच असलेल्या वाडीत ट्रान्सपोर्टचा धंदा. तिथल्याच एका रिकाम्या गोदामात दोन रिंगा लावून पोरांचा सराव चाले. माणूस दिलदार, पण डोकं फिरलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेवटच्या सामन्याच्या आधी तो घरी आला आणि चपला काढता काढताच सुरू झाला, "वहिनी, हा सामना गेला तर मी टीमच बंद करून टाकतो. तुम्ही युनिव्हर्सिटीकडून खेळल्या आहात. येऊन पाहा. काय चांगलं हाये, काय बिघडून राहिलं, मले सरळ सांगा."

टीम बंद म्हणजे माझ्या नवऱ्याचा खेळच बंद. या वयात याला दुसरं कोण घेणार? मालक गेल्यावर तो उठून कपबशा विसळायला लागला. लग्न झाल्यापासून यानं कधी कपबशी विसळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीला हजर. कोच केरळचा, गोड माणूस, फळ्यावर सुंदर सुंदर बाण काढायचा. मराठीचा मात्र गंध नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. उंची? आहे. दम? पोरं नुसती वारा प्यायल्यासारखी पळत होती. लांबून मारणारा? नरखेडकडचा एक विशीतला पोरगा होता, घरी संत्र्याची बाग. एकट्याला मारू दिलं तर डोळे मिटून बॉल रिंगीत टाकायचा. मग घोडं अडतंय कुठं?

आपसात दोन टीम करून सामना सुरू झाला आणि मी कपाळावर हातच मारला. नरखेडवाला रिंगीच्या समोर पोचला. पुढे माणूस नाही, काणूस नाही. आता मारेल, मग मारेल, तर याची मान वळली, "दादा!" आणि बॉल थेट माझ्या नवऱ्याकडे. त्याच्या अंगावर दोघं चिकटलेले! मग दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानंही तेच. आधी दादाला. पंगतीत मोठ्यांचं पान वाढल्याशिवाय कुणी घास उचलत नाही ना, तसलं चाललं होतं. आणि नवराही कसला! पोरगं एवढ्या मानानं देतंय तर परत कसं करायचं, म्हणून घ्यायचा, दोघांच्या डोक्यावरून मारायचा आणि चुकवायचा. कोचला वाटायचं, दादा हे याचं नावच आहे. तोही प्रेमानं "दादा, दादा" करायचा.

मी खेळ थांबवला. "ताकद भरपूर आहे. कमजोरी एकच. तुम्ही सगळे फार संस्कारी आहात."

नरखेडवाला कळवळून म्हणाला, "वहिनी, दादा समोर उभे असताना मी कसा मारू जी? बरं दिसते का ते?"

"अरे, पण मोकळा तू होतास!"

"हो, पण मोठे ते आहेत ना."

घ्या! मी फर्मान काढलं. कोर्टवर दादा नाही, अहो नाही. पाठीवरच्या नंबरानं हाक मारायची. जो चुकेल त्यानं गोदामाला एक चक्कर मारायची. नवऱ्याचा नंबर पंधरा. पहिलीच हाक आली, "पंधरा सर!" मार चक्कर. मग आली, "पंधराजी!" मार अजून एक. माझी हसून हसून पुरेवाट झाली. ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन दारात जमले आणि प्रत्येक चकरेला टाळ्या वाजवायला लागले. कोचला काही कळत नव्हतं, पण हसत सगळ्यात जास्त तोच होता.

गाडीत बसल्यावर नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे कमजोरी मीच का?"

"काहून रे? तू नाही. तुझा मान."

"आता तेवढाच तर उरलाय."

मला इतकं वाईट वाटलं की सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पुढे घेणं सुचलं नाही. मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. देऊ द्या.

सामन्याच्या दिवशी हॉल खच्चून भरला. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटचे काही सेकंद, एका पॉइंटनं आपण मागे. बॉल नरखेडवाल्याकडे. नवरा सवयीनं त्याच्याच वाटेत हात वर करून उभा. पोराची मान वळली. संपलं, मी डोळे झाकले. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा तो पोरगा केकाटला, "ए, हट ना!" डोळे उघडले तर तो खांद्यानं नवऱ्याला बाजूला सारून आत घुसलेला आणि बॉल रिंगीतून खाली!

मी खुर्चीवर चढले. हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी. आणि हा शहाणा काय करतो? खेळ चालू, समोरचे बॉल घेऊन पळताहेत आणि हा वाकून माझ्या नवऱ्याच्या पाया पडतोय! नवऱ्यानं त्याला जर्सीला धरून उचललं, "पाया मागून पड बे, आधी पळ!" आणि स्वतः असा सुटला की त्याचे गुडघे मलाच दुखले. रिंगीपाशी उडी मारून समोरच्याचा बॉल त्यानं असा हाणला की तो थेट प्रेक्षकांत गेला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. जिंकलो! मालक कोचच्या गळ्यात पडून ओरडत होता, "पुढच्या वर्षीही टीम राहते! कोण बंद करते ते पाहतो!"

पार्किंगमध्ये नवरा डिकीला टेकून उभा होता. नरखेडवाला हात जोडून आला. "दादा, चुकलं. मी तुम्हाले हट म्हटलं, धक्का बी मारला."

"पुढच्या वर्षीही म्हणशील?"

पोरानं खाली बघत खूप विचार केला. "म्हणीन. पण तुम्ही हटजा बरं."

नवरा खो खो हसत सुटला. पोरगा गेल्यावरही हसतच होता, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी गं," तो म्हणाला, "कोर्टवर आपल्याच टीममधल्या कुणी मला धक्का दिला."